जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचं नुकसान, दुरुस्ती आणि विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहून १९८० पूर्वीचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बाळगणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं बहुतेक एअरस्ट्रीम या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या ट्रेलरची आहेत, कारण मला तोच आतून-बाहेरून ठाऊक आहे. शास्टा किंवा सेरो स्कॉटीसारख्या लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे. कायदे राज्यागणिक आणि अटी कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या हातातल्या पॉलिसीचा.

नुकसान झाल्या झाल्या सगळ्यात आधी काय करायचं?

गॅस बंद. सिलिंडरच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद करा, नुसती शेगडी नव्हे. मग बॅटरीची तार काढा आणि बाहेरच्या खांबावरून वीज (शोअर पॉवर) घेतलेली असेल तर तीही. जुन्या ट्रेलरची गॅसची तांब्याची नळी बुडाखालून जाते. धडकेत किंवा टायर फुटल्यावर ती चेपली असेल तर वरून काहीही दिसत नाही.

त्यानंतर फोटो, आणि तेही ट्रेलर हलवण्याआधी. चारही बाजू, छत, बुड, आतली कपाटं, जमिनीचे कोपरे. फोटोत कुठेतरी सिरीयल नंबरची पट्टी, टायरवरचा तारखेचा आकडा आणि ओढणाऱ्या गाडीची नंबर प्लेट येऊ द्या. आज बिनकामाचे वाटणारे फोटो दोन महिन्यांनी उपयोगी पडतात.

मग पाणी अडवा. पुढचं नुकसान टाळण्याची जबाबदारी तुमची, असं जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी केलेला वाजवी खर्च सहसा भरून मिळतो. ताडपत्री, टेप, टोइंग, सगळ्याच्या पावत्या ठेवा. फक्त दोन गोष्टी टाळा. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर ताडपत्री सैल बांधू नका, वाऱ्यात फडफडून ती पत्रा घासते. आणि सिलिकॉन लावू नका. सिलिकॉनवर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही, आणि ते खरवडून काढताना कारागीर तुम्हाला मनातल्या मनात काय म्हणतो ते न ऐकलेलं बरं. ब्यूटिल टेप किंवा पॉलियुरेथेनचं सीलंट वापरा.

कंपनीला लगेच कळवू, की आधी खर्चाचा अंदाज घेऊ?

लगेच कळवा. उशीर झाला तर त्याच कारणावरून कटकट होऊ शकते. अपवाद एकच: नुकसान उघडउघड डिडक्टिबलच्या, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेच्या, आतलं आहे. एक काचेची खिडकी तडकली आणि डिडक्टिबल ५०० डॉलर असेल, तर क्लेम नोंदवून हाती काही लागणार नाही. उलट शून्य रक्कम मिळालेल्या क्लेमचीही नोंद तुमच्या नावावर राहू शकते.

फोनवर बोलताना काय झालं तेवढं सांगा, किती झालं ते ठरवू नका. आपल्याला सवय असते, “तसं फार काही नाही हो” म्हणायची. ते वाक्य फाइलमध्ये जातं. “बाहेरून पत्रा फाटलेला दिसतोय, आत काय झालंय ते उघडल्यावर कळेल” एवढंच म्हणा.

माझ्या कारचा विमा आहे, घराचाही आहे. ट्रेलरचा वेगळा विमा लागतो का?

लागतो. ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीतली लायबिलिटी साधारणतः मागच्या ट्रेलरलाही लागू होते, म्हणजे तुमचा ट्रेलर दुसऱ्याच्या गाडीवर आदळला तर त्याचं नुकसान भरून निघतं. तुमच्या ट्रेलरचं स्वतःचं नुकसान मात्र त्यात येत नाही.

घराच्या विम्यावर भिस्त ठेवणारे पुष्कळ भेटतात. एचओ-३ या घराच्या विम्याच्या सर्वत्र चालणाऱ्या नमुना पॉलिसीच्या २०११ च्या आवृत्तीत ट्रेलरसाठी मर्यादा १,५०० डॉलरची आहे, आणि ट्रेलर घराच्या आवाराबाहेर असताना चोरीला गेला तर तेवढेही नाहीत. स्टोरेज लॉटमध्ये उभ्या असलेल्या ट्रेलरसाठी याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

गारपीट, पूर, आग, चोरी, झाड पडणं हे कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येतं. टक्कर, उलटणं हे कोलिजनमध्ये. दोन्ही घेतलंय का ते आज बघा.

ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू, ॲग्रीड व्हॅल्यू, स्टेटेड अमाउंट... फरक काय?

जुन्या ट्रेलरच्या बाबतीत सगळा खेळ इथेच आहे.

ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू म्हणजे नुकसान होण्याच्या आदल्या क्षणी तुमच्या ट्रेलरचा बाजारभाव, घसारा धरून. आणि तो भाव ठरवायला कंपनी बसते. पन्नास वर्षांच्या ट्रेलरचा घसारा कसा मोजतात? बहुतेक वेळा जे. डी. पॉवरसारख्या दरपुस्तकात बघून. त्या पुस्तकाला तुमचा १९६४ चा ट्रेलर म्हणजे साठ वर्षं जुनं यंत्र एवढंच कळतं. नवी जमीन, नवा ॲक्सल, पॉलिश केलेला पत्रा त्याला दिसत नाही.

ॲग्रीड व्हॅल्यूमध्ये भाव आधीच ठरतो. पॉलिसी घेताना तुम्ही फोटो, पावत्या, जमल्यास मूल्यांकनाचा दाखला देता, कंपनी एक आकडा मान्य करते, आणि ट्रेलर पूर्ण गेला तर तेवढे मिळतात. डिडक्टिबल असेल तर ते वजा.

स्टेटेड अमाउंट ऐकायला ॲग्रीडसारखं वाटतं आणि तिथेच माणसं फसतात. तुम्ही २५,००० डॉलर लिहिता, हप्ताही त्यावर भरता, आणि देताना कंपनी तो आकडा किंवा बाजारभाव यांतला जो कमी असेल तो देते. एजंट “तुम्ही सांगाल ती किंमत लिहितो” म्हणाला, तर पॉलिसीतला नेमका शब्द विचारा आणि ईमेलवर उत्तर घ्या.

भारतात गाडीचा विमा काढलेल्यांना आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत, माहीत असते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची आयडीव्ही तिथे कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, त्यामुळे इथेही तसंच असेल असं गृहीत धरलं जातं. इथे तुम्ही मुद्दाम मागितल्याशिवाय तसं होत नाही.

माझ्याकडे ॲग्रीड व्हॅल्यू नाही. कंपनी म्हणते ट्रेलरची किंमत ४,००० डॉलर. आता?

आता तुमचा वाद पोच्याबद्दल नाही. पोचा यायच्या आधी ट्रेलर काय होता, याबद्दल आहे. ते सिद्ध करणं तुमच्याच हातात आहे आणि ते कागदावरच होतं.

आधी कंपनीकडून त्यांचा मूल्यांकनाचा अहवाल लेखी मागा. त्यात लांबी, साल, मॉडेल बरोबर आहे का बघा. हे फालतू वाटेल, पण १७ अक्षरांचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) १९८१ पासून आला. त्याआधीचा छोटा सिरीयल नंबर संगणकात बसत नाही म्हणून कुणीतरी जवळचंच मॉडेल निवडून मोकळं होतं. २२ फुटी सफारी आणि १६ फुटी बांबी यांची बाजारातली मागणी वेगळी, भाव वेगळा. आर्गोसी तर एअरस्ट्रीमच्याच कंपनीचा, पण रंगवलेला. त्याचा हिशेब आणखी वेगळा.

मग तुलना द्या. त्याच दशकातले, त्याच लांबीचे, तशाच अवस्थेतले ट्रेलर कितीला विकले गेले, ते. मागितलेल्या किमतीपेक्षा प्रत्यक्ष विक्रीची किंमत वजनदार. लिलावाच्या संकेतस्थळांवर ती उघड दिसते. स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. चांगल्या तीन तुलना पुरतात. वीस पाठवल्या तर ॲडजस्टर (नुकसान मोजायला येणारा कंपनीचा माणूस) त्यातली सगळ्यात स्वस्त उचलेल.

त्याबरोबर तुम्ही केलेल्या कामाच्या पावत्या. पावत्या नसतील तर कामाचे फोटो, बँकेचे व्यवहार, सामान मागवल्याचे ईमेल. स्वतः केलेल्या मजुरीचे पैसे त्यात सहसा धरत नाहीत, पण सुधारलेली अवस्था धरावी लागते. हे दोन मुद्दे वेगळे मांडा.

तरीही आकडा हलला नाही तर जुन्या ट्रेलरच्या जाणकार मूल्यांककाकडून लेखी अहवाल घ्या. फी जाते, पण तफावत हजारोंची असेल तर ती परवडते.

ॲडजस्टर येऊन वीस मिनिटांत एस्टिमेट देऊन गेला. सही करू का?

त्या एस्टिमेटवर काम सुरू करायला हरकत नाही, पण “अंतिम तडजोड” किंवा “रिलीज” (यापुढे काही मागणार नाही, अशी कबुली) असं लिहिलेल्या कागदावर इतक्यात सही नको. ॲडजस्टर रोज नव्या आरव्ही, म्हणजे राहायच्या सोयीच्या गाड्या, बघतो. त्यांत फायबरग्लासची सपाट भिंत असते. एअरस्ट्रीममध्ये बाहेरचा पत्रा, मध्ये बरगड्या आणि इन्सुलेशन, आत दुसरा पत्रा, आणि सगळं रिव्हेटनं जोडलेलं. एक बाहेरचा पत्रा बदलायचा तर आतला पत्रा उतरवावा लागतो, कारण मूळ पद्धतीचा रिव्हेट ठोकायला बाहेर एक जण गन घेऊन आणि आत दुसरा लोखंडी ठोकळा धरून लागतो. आतला पत्रा उतरवायचा तर आधी कपाटं, पलंग, कधी कधी न्हाणीघर काढायचं. एस्टिमेटमध्ये “पत्रा बदलणे” अशी एक ओळ असेल तर हे सगळे तास त्यात नाहीत.

बाहेरूनच बसवता येणारे, डोकं तासून गुळगुळीत करायचे रिव्हेटही मिळतात. छोट्या ठिगळासाठी ते चालतात. अख्ख्या पॅनेलसाठी कंपनी तेच सुचवत असेल तर ती स्वस्तातली पळवाट आहे, असं माझं मत.

काम उघडल्यावर नवीन नुकसान सापडलं की गॅरेजने काम थांबवून फोटो काढायचे आणि “सप्लिमेंट” मागायचं. पुरवणी एस्टिमेट हा नेहमीचा व्यवहार आहे, त्यात मागायला लाजण्यासारखं काही नाही. मात्र मंजुरीआधी काम पुढे रेटलं तर पैसे अडकतात.

गारांनी छताला आणि बाजूला पोचे आलेत. पोलादी गाडीसारखे काढता येत नाहीत का?

बहुतेक वेळा नाही. गाडीचे पोचे रंग न बिघडवता मागून दाबून काढतात. इथे मागे हात घालायला जागाच नाही, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा ताणला गेला की पोलादासारखा मूळ आकारात परतत नाही. पत्रा पातळ, साधारण ०.०३२ इंच, म्हणजे एक मिलिमीटरही नाही.

बाजूचे सपाट पत्रे बदलणं महाग असलं तरी सरळ काम आहे. खरी अडचण दोन टोकांच्या गोलाव्याची. तिथला प्रत्येक तुकडा दोन दिशांनी वळवलेला असतो, आणि जुन्या मॉडेलमध्ये त्या तुकड्यांची संख्या, आकार सालागणिक वेगळे. नवा मिळाला नाही तर दुसऱ्या मोडीतल्या ट्रेलरचा शोधावा लागतो.

म्हणून कोलोरॅडो, टेक्सासच्या गारपिटीत पूर्ण चालू स्थितीतले, एक थेंबही न गळणारे ट्रेलर केवळ दिसण्यापायी “टोटल”, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही असे, ठरतात. काही पॉलिसींत नुसत्या दिसण्याच्या नुकसानीला वगळणारी अटही असते. ती आधी वाचून ठेवा. पोचे गळत नसतील आणि तुम्हाला बघवत असतील, तर रोख तडजोड घेऊन तसंच फिरायला माझी ना नाही. फक्त छतावरच्या व्हेंटची झाकणं, एसीचं प्लास्टिक आवरण आणि प्रत्येक शिवण तपासून घ्या. पुढच्या गारपिटीत कंपनी हे पोचे जुने म्हणून वजा करणार, हेही धरून चाला.

टायर फुटला आणि चाकावरची कमान फाटली. हे कव्हर होतं?

टायर स्वतः सहसा नाही, तो झीज म्हणून जातो. फुटलेल्या टायरच्या पट्ट्याने केलेली मोडतोड मात्र साधारणतः कोलिजनमध्ये येते. कंपनी टायरचं वय विचारेल. टायरच्या बाजूवर DOT (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा: २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर लावून निघणारे शूर लोक मी पाहिलेत. तो प्रकार नको.

कमानीच्या आत नजर टाका. तिथून वायरिंग जातं, काही मॉडेलमध्ये पाण्याची नळी, आणि खालच्या कडेचा तो गोल पत्रा, ज्याला इथे सगळे बनाना रॅप म्हणतात. ब्रेकची तार तुटली असेल तर ट्रेलर ओढत घरी आणू नका.

ॲक्सलबद्दल एक गोष्ट. १९६० च्या दशकापासून एअरस्ट्रीमला रबराच्या दांड्यांवर झुलणारा टॉर्शन ॲक्सल आहे. ते रबर काही दशकांनी कडक होऊन बसतं. अपघातात ॲक्सल वाकला तर कंपनी नव्याचे पूर्ण पैसे न देता “बेटरमेंट” कापू शकते, म्हणजे जुन्याच्या जागी नवं मिळाल्याचा फायदा वजा. तुम्ही तीन वर्षांपूर्वी ॲक्सल बदललाय अशी पावती असली की हा मुद्दाच संपतो.

मागून गाडीने धडक दिली. कंपनी म्हणते चासी आधीच कुजलेली होती.

अर्धं खरं असू शकतं. १९७० च्या दशकातल्या, विशेषतः लांब एअरस्ट्रीममध्ये मागचं शरीर चासीपासून सुटण्याचा दोष प्रसिद्ध आहे. मागच्या शिवणीतून पाणी शिरतं, प्लायवूडची कड कुजते, बोल्टची पकड जाते. मागच्या बंपरवर उभं राहून जरा उड्या मारा; बंपर खाली जातो आणि वरचा पत्रा जागेवर राहतो, तर तोच आजार.

पण जुनी फट आणि नवी फट ओळखता येते. जुन्या तड्याच्या कडा गंजलेल्या, त्यात धूळ आणि जुनं सीलंट. नव्या तड्याचं धातू चमकतं, रिव्हेटचं भोक लांबट फाटलेलं असतं आणि रंग नुकताच उडालेला. हे क्लोजअप फोटो पहिल्याच दिवशी घ्या, कारण उघड्या पोलादावर गंज चढायला एक पाऊस पुरतो. आधीची झीज वेगळी मान्य करा आणि धडकेचं नुकसान वेगळं मागा. दोन्ही नाकारणाऱ्या मालकावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पाणी झिरपून जमीन कुजली. उंदरांनी वायर कुरतडल्या.

हे भरून मिळत नाही. हळूहळू झालेलं नुकसान, ओल, बुरशी, गंज, उंदीर-घुशी, हे सगळं बहुतेक पॉलिसींत वगळलेलं आहे. फांदी पडून छत फाटलं आणि त्यातून पाणी शिरलं, तर ती वेगळी गोष्ट. तिथे मूळ कारण अचानक घडलेलं आहे.

लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरवाल्यांना इथे जास्त त्रास होतो. धडकेनंतर पत्रा काढला की आत सांगाड्याच्या पट्ट्यांचा भुगा निघतो आणि कंपनी हात वर करते. मग पत्रा विम्यातून आणि सांगाडा खिशातून, अशी वाटणी करावी लागते. गॅरेजला दोन वेगळी बिलं करायला सांगा.

कंपनीने ट्रेलर टोटल केला. मला तो ठेवायचाय.

बऱ्याच राज्यांत ठेवता येतो. कंपनी भंगाराची किंमत वजा करून उरलेले पैसे देते आणि ट्रेलर तुमच्याकडे राहतो. पैसे स्वीकारण्याआधी भंगाराची किंमत किती धरली ते विचारा. तिच्यावरही घासाघीस होते.

टोटल कधी ठरवायचं याचे गाड्यांसाठीचे नियम राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये दुरुस्तीचा खर्च बाजारभावाच्या वर जायला लागतो, फ्लोरिडात ८० टक्के, तर कॅलिफोर्नियात दुरुस्ती आणि भंगाराची किंमत मिळून बाजारभावापर्यंत पोहोचतात का ते बघतात. बाजारभाव ४,००० धरला की टोटल लगेच होतं, १८,००० धरला की होत नाही. म्हणून आधी भावावर भांडा, टोटलचा प्रश्न कधी कधी आपोआप सुटतो.

टायटलवर (मालकीच्या कागदावर) “सॅल्व्हेज”, म्हणजे एकदा टोटल ठरलेला, असा शिक्का बसणार असेल तर पुन्हा रस्त्यावर आणायला तपासणी लागू शकते, आणि पुढे पूर्ण विमा देणाऱ्या कंपन्या कमी होतात. काही राज्यांत हलक्या ट्रेलरला टायटलच नसतं. दुरुस्तीत दाराजवळची सिरीयल नंबरची पट्टी जपा; पत्रा बदलताना ती भंगारात गेली तर पुढची डोकेदुखी वर्षभर पुरते.

दुरुस्ती कुणाकडे करायची?

जवळचं आरव्ही डीलर गॅरेज बहुधा नाही. कित्येक ठिकाणी ठरावीक वर्षांपेक्षा जुन्या गाड्या घेतच नाहीत. ओहायोमध्ये जॅक्सन सेंटरला एअरस्ट्रीमच्या कारखान्याचंच सर्व्हिस सेंटर आहे, आणि देशभर जुन्या ट्रेलरचेच काम करणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. रांग लांब असते. सहा महिने थांबायची तयारी ठेवा. गॅरेज निवडायचा हक्क सहसा तुमचा असतो, कंपनी फक्त सुचवू शकते. कारागिराला एकच विचारा: पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला लावता का? “लावतो, काय होतंय” असं उत्तर आलं तर निघा. दोन धातू एकत्र आले की ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

स्वतः दुरुस्त करायची असेल तर रोख तडजोड मागा. जुन्या फरशीच्या टाइल्स उखडण्याआधी त्यांत ॲस्बेस्टॉस आहे का ते तपासून घ्या. गॅसची नळी मात्र जाणत्या माणसाकडून, दाबाची चाचणी करूनच.

कंपनीशी जमतच नाही. पुढे काय?

पॉलिसीत “अप्रेझल” कलम आहे का बघा. तुम्ही एक मूल्यांकक नेमायचा, कंपनीने एक, दोघांनी मिळून तिसरा पंच. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की आकडा बंधनकारक. हे फक्त रकमेच्या वादासाठी आहे. कव्हर आहे की नाही यासाठी नाही. खर्च वाटून घ्यावा लागतो, त्यामुळे दोन हजारांच्या वादासाठी हे हत्यार उपसू नका.

दुसरा मार्ग राज्याच्या विमा विभागाकडे तक्रार. ती फुकट असते आणि कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात क्लेमची पोच १५ दिवसांत द्यावी आणि पुरावे मिळाल्यावर ४० दिवसांत होकार किंवा नकार कळवावा, असा नियम आहे. तक्रारीत तारखा लिहा, विशेषणं नकोत.

चूक दुसऱ्या ड्रायव्हरची असेल तर?

त्याच्या कंपनीकडे मागता येतं, पण तिथे तुमची ॲग्रीड व्हॅल्यू चालत नाही. तो करार तुमच्या कंपनीशी आहे. तुमच्या पॉलिसीतून पैसे घेऊन तुमच्या कंपनीला त्यांच्याकडून वसूल करू देणं पुष्कळदा सोपं. दुरुस्तीनंतरही किंमत घटली असेल तर काही राज्यांत तीही दुसऱ्या पक्षाकडे मागता येते.

ट्रेलर भाड्याने दिला असताना नुकसान झालं.

वैयक्तिक पॉलिसी बहुतेक हात वर करेल. ज्या संकेतस्थळावरून भाड्याने दिला त्याचं संरक्षण असेल तर त्यांच्याकडेच, त्यांच्या मुदतीत.

आतल्या सामानाचं काय? प्रवासात हॉटेलचा खर्च?

दोन्हींसाठी वेगळी कव्हरं आहेत आणि मर्यादा लहान. पितळी समई, कुकर, लॅपटॉप हे “ट्रेलरचा भाग” नाही; जागेवर बसवलेला फ्रिज आहे. मुलांच्या सायकली मागे टांगलेल्या असतील तर त्या घराच्या विम्यात शोधा.

पुढे ट्रेलर विकताना हे सगळं सांगावं लागेल का?

सॅल्व्हेज टायटल असेल तर ते कागदावर दिसतंच. नसलं तरी दुरुस्तीची फाइल काढून ठेवा: आधीचे फोटो, उघडलेल्या भिंतीचे फोटो, बिलं, रिव्हेटचा प्रकार. जुन्या ट्रेलरचा गिऱ्हाईक बंपरवर उड्या मारून बघणारच आहे, त्याला फाइल आधी दिली तर घासाघीस कमी होते.